ग्रुपचं सुतक

लिंबारीच्या बद्रीनाथबप्पांनी उभ्या जन्मात कुणाला शिवी दिली नाही, ही गोष्ट गावातले लोक आल्यागेल्या पाहुण्याला कौतुकानं सांगत. बाकीची गावं आपल्या पैलवानांची नावं सांगतात, लिंबारी बप्पांचं सांगायची. आणि त्यात खोटं काही नव्हतं. बप्पांची हयात एस.टी.त कंडक्टरकी करण्यात गेली. गेवराई-माजलगाव गाडीनं ज्यानं बाजाराच्या दिवशी प्रवास केलाय त्याला विचारा, तिथं जीभ न विटाळता निवृत्त होणं म्हणजे काय असतं ते.

गाडीत दोघांची जागेवरून जुंपली की बप्पा कोण खरं, कोण खोटं, यात पडायचे नाहीत. खिडकीतून रुमाल आधी कुणी टाकला आणि उचलून कुणी फेकला, हे विचारत बसलं तर गाडी माजलगावला पोहोचायची कधी? ते दोघांच्या मधे उभे राहायचे, "भांडायचं आसंल तर खाली उतरून भांडा" एवढंच म्हणायचे आणि डबल बेल द्यायचे. गाडी हलली की भांडण आपोआप बसायचं. ज्याची जागा खरोखर गेलेली असायची तो मात्र माजलगावपर्यंत दांडी धरून उभाच. पण तो गप्प उभा असायचा, म्हणून बप्पांच्या लेखी तो प्रश्न मिटलेला असायचा.

अशा माणसाच्या हाती गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप यावा, यात नवल नाही. मागच्या ग्रामपंचायतीला त्या ग्रुपवर जे झालं ते सांगण्याजोगं नाही. कुणाच्या आईचा उद्धार, कुणाच्या जातीचा, कुणाचं तोंड कापून गाढवाच्या फोटोला चिकटवलेलं. फोनवरची भांडणं पारावर उतरली, दोघांची डोकी फुटली आणि अर्धं गाव पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून आलं. ज्या पोरांनी ग्रुप काढला होता ती घाबरून बाजूला झाली. बप्पा तेव्हा नुकतेच रिटायर होऊन घरी बसले होते. सगळ्यांनी मिळून ग्रुपची दोरी त्यांच्या गळ्यात घातली.

बप्पांनी नियम केले. शिवी नाही, कुणाच्या जातीचं नाव नाही, कुणाच्या घरातल्या बायकांचा विषय नाही, फोटोशी खेळ नाही. खोटी अफवा दिसली की ते स्वतः ती पुसून टाकत आणि टाकणाऱ्याला फोन करून गोडीत समज देत. ऐकलं नाही तर दोन दिवस ग्रुपच्या बाहेर. त्यात ते आपला-परका बघत नसत. सख्ख्या पुतण्याला त्यांनी एकदा बाहेर काढलं होतं, तेव्हा भावजय महिनाभर बोलली नव्हती.

आणखी एक नियम होता. तो मात्र त्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता, रडण्यातून निघाला होता. धुळाजी नावाचा म्हातारा वारला त्या दिवशी त्याच्या फोटोखाली लोकांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिहायला सुरुवात केली, आणि त्यातच कुणीतरी आपल्या मित्राच्या वाढदिवसाचा डीजेचा व्हिडिओ टाकला. धुळाजीचा मुलगा रामकिसन तो फोन हातात धरून बप्पांकडे आला. "बप्पा," तो म्हणाला, "माझा बाप आंगणात हाय, आन त्याच्या फोटूखाली लोकं नाचायलेत." बप्पांना भडभडून आलं. त्या दिवसापासून लिंबारीत कुणी गेलं की ग्रुपलाही सुतक. मयताची बातमी टाकायची आणि ग्रुपला कुलूप लावायचं. मग राख सावडून होईपर्यंत ॲडमिनशिवाय कुणालाच त्यात लिहिता यायचं नाही. बप्पा फक्त अंत्यविधीची वेळ टाकणार, सावडण्याची वेळ टाकणार, आणि तिसऱ्या दिवशी कुलूप काढणार. आजूबाजूच्या वस्त्यांनी ही पद्धत उचलली. चकलांब्याच्या पाहुण्यांकडून तिची विचारपूस झाली. यंदा निवडणूक लागल्यावर शांतता समितीची बैठक झाली, तेव्हा ठाण्यातल्या साहेबांनी चारचौघांत बप्पांना फेटा बांधून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बप्पा घरी आले ते फेट्याची कळी न मोडता.

यंदा सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं. गावातल्या मोठ्या बागायतदारांचं पॅनेल चालवायचा तो रामेश्वर. खता-बियाण्याचं दुकान, अंगावर कडक इस्त्री, जिभेवर खडीसाखर. त्यानं आपल्याच मळ्यात राबणाऱ्या गड्याच्या बायकोला, सत्यशीलाला, उभं केलं. ती बिचारी प्रचारातसुद्धा पदर तोंडाशी धरून रामेश्वरच्या मागं चालायची. तिच्यासमोर भीमनगरातलीच पंचशीला उभी राहिली, कुणाला न विचारता. ती डी.एड. झालेली. नोकरी लागली नाही म्हणून विहारात पोरांच्या शिकवण्या घ्यायची. नवरा संजय माजलगावकडच्या कारखान्यावर हंगामी कामाला, घरी सासू भामाबाई आणि अंगणवाडीत जाणारी एक मुलगी. तिनं घरोघर जाऊन सांगितलं की नळाचं पाणी कोणत्या गल्लीला का येत नाही ते मी ग्रामसभेत उभी राहून विचारणार. लोकांना ते पटत होतं. नुसतं भीमनगरालाच नाही, वरच्या गल्लीतल्या बायकांनाही पटत होतं, आणि रामेश्वरला धास्ती बसली ती तिथंच.

आता चैत्रातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मारुतीच्या देवळापुढं सभामंडपाचं काम निघालं होतं. ठेकेदाराचा ट्रॅक्टरवाला डबराच्या ट्रॉल्या शेजारच्या अंगणवाडीच्या दाराशीच रिकाम्या करायचा. पोरं त्या दगडांवरून चढून आत जायची. एक दिवस पंचशीलाची मुलगी घसरली आणि गुडघा सोलून निघाला. पंचशीलानं ट्रॅक्टरवाल्याला सांगून पाहिलं, तो हसला. मग ती बप्पांकडे आली. भर दुपार होती, पारावर चिटपाखरू नव्हतं. बप्पा डोक्याला उपरणं गुंडाळून गेले आणि गाडी थांबवायची जन्माची सवय असल्यासारखा हात वर करून ट्रॅक्टरपुढं उभे राहिले. "हे डबर उचलल्याबिगर एक बी ट्रॉली हितं रिकामी व्हायची न्हाई," ते म्हणाले, "तवर काम बंद." ट्रॅक्टरवाला बाहेरगावचा होता, पण बप्पा सभामंडपाच्या समितीचे अध्यक्ष आहेत एवढं त्याला ठाऊक होतं. काम थांबलं. दगड हलले. नंतर ठेकेदार दुसरीकडच्या कामाला निघून गेला आणि मंडपाचे खांब दिवाळीपर्यंत तसेच उघडे राहिले, पण तो त्याचा चुकारपणा. काम थांबवायला सांगितलं ते बप्पांनी. पंचशीला तेव्हा अंगणवाडीच्या दारात पोरीला कडेवर घेऊन उभी होती, तिनं तोंडातून शब्दही काढला नव्हता.

मतदान रविवारी होतं. शुक्रवारी दुपारी बप्पा चहा घेत होते आणि फोन वाजला. रामेश्वरनं ग्रुपवर लिहिलं होतं:

"सर्व थोरामोठ्यांना सप्रेम नमस्कार. कुणावर टीका करण्याचा हेतू नाही. पंचशीलाताई आम्हाला सख्ख्या बहिणीसारख्या आहेत. फक्त एक प्रश्न मनात येतो. चैत्रात मारुतीरायाच्या सभामंडपाचं काम ज्यांच्यामुळे बंद पडलं, त्या उद्या सरपंच झाल्या तर देवाच्या कामाचं काय होणार? चूकभूल द्यावी घ्यावी. आपलाच रामेश्वर." खाली हात जोडलेले.

बप्पांनी सवयीनं आधी नियम लावून पाहिले. शिवी नाही. जात नाही. फोटो नाही. घरच्या बायकांचा विषय नाही. भाषा तर अशी की लग्नपत्रिकेत छापावी. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं आणि कप खाली ठेवला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ज्या कामापायी गळा कापला जात होता ते काम त्यांनी स्वतः केलं होतं. त्यांनी लिहायला घेतलं. "सदर काम मी स्वतः थांबवले होते" इथवर त्यांनी टाइप केलं आणि बोट तिथंच थबकलं. समितीचा अध्यक्ष म्हणून देवळाच्या पाटीवर पहिलं नाव त्यांचं लागणार होतं. भावकी काय म्हणेल? मारुतीचं काम मारुतीच्याच अध्यक्षानं थांबवलं? आणि ॲडमिननं एका उमेदवाराची बाजू घेतली असं झालं, तर ठाण्यातल्या साहेबांनी वाजवायला लावलेल्या टाळ्यांचं काय? त्यांनी ती ओळ एकेक अक्षर करून पुसली. पुसायचा तर मेसेज पुसा, तेही त्यांच्या हातात होतं. पण अफवा म्हणून पुसायचा तर खरं काय ते सांगावं लागणार, आणि दुसरा कोणता नियम त्यानं मोडला हे त्यांना सापडेना.

एवढ्यात रामकिसनचा फोन आला. छबुबाई गेली. छबुबाई म्हणजे गावाची सुईण. अर्ध्या लिंबारीनं पहिला श्वास तिच्या ओंजळीत घेतलेला. बप्पांची स्वतःची मुलगी अंजली तिच्याच हातची. बप्पांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या आधी, पापणी लवायच्या आत, त्यांना हायसं वाटलं. आता ग्रुप बंद करावाच लागणार होता. आता कुणी काही लिहिणार नव्हतं आणि त्यांना काही ठरवावं लागणार नव्हतं. ते हायसं वाटणं पुढं त्यांच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं. छबुबाईच्या मरणानं आपण सुटलो असं आपल्याला वाटलं, हे ते कुणालाच सांगू शकले नाहीत.

त्यांनी बातमी टाकली आणि ग्रुपला कुलूप लावलं. रामेश्वरचा मेसेज आणि त्याखाली छबुबाईची बातमी. जो कुणी बातमी वाचायला फोन उघडेल त्याच्या डोळ्यांपुढं दोन्ही येणार होतं. पंचशीला तेव्हा उत्तर लिहीत होती. ते गेलंच नाही. तिनं बप्पांना फोन लावला, तेव्हा बप्पा छबुबाईच्या दारात होते. मयताच्या दारात फोन घ्यायचा नसतो, तेव्हा त्यांनी घेतला नाही.

छबुबाईची मुलगी घाटनांदूरला दिलेली. ती आल्यावर शनिवारी सकाळी माती झाली. सगळा गाव गेला होता, पंचशीलाही गेली होती. बप्पा आंघोळ करून अंगणात बसले आणि ती दारात उभी राहिली.

"जय भीम, बप्पा."

"राम राम. ये, बस."

ती बसली नाही. पाच मिनिटं ग्रुप खोला, मी चार ओळी टाकते आणि पुन्हा बंद करा, असं ती म्हणाली. बप्पांनी सुतकाची आठवण दिली. तुझी पोरगी पण छबुबाईच्याच हातची, असंही म्हणाले. ते म्हणताना त्यांचीच त्यांना शरम वाटली, कारण म्हातारीच्या शेवटच्या आजारपणात तिचे पाय चेपायला हीच बाई जात होती हे त्यांना माहीत होतं.

"बरं, माझं ऱ्हाऊ द्या," पंचशीला म्हणाली. "तुमीच लिहा. आता त्या ग्रुपवर तुमच्याबिगर कुणालाच लिहिता येत न्हाई. एकच ओळ लिहा, काम कुणी थांबवलं तेवढी."

"ॲडमिननं एका बाजूनं लिहिलं तर बरं दिसंल का, पंचशीला?"

"बाजू नका घिऊ. झालं तेवढंच लिहा."

बप्पा उपरण्याचं टोक चाळवत राहिले. "तिसरा होऊ दे," ते अखेर म्हणाले. "मंग बघू."

"तिसऱ्याला मतदान हाय, बप्पा."

हे बप्पांना माहीत नव्हतं असं नाही. वनमालाकाकूंनी, म्हणजे बप्पांच्या बायकोनं, चहा आणला. पंचशीलानं तो उभ्यानंच घेतला, कप खाली ठेवला आणि काकूंना येते म्हणून ती गेली. आवाज तिनं चढवला नाही. चढवला असता तर बप्पांना बरं पडलं असतं. चढल्या आवाजाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना पाठ होतं.

त्याच संध्याकाळी मतदान केंद्रावर आलेल्या एका कर्मचाऱ्याचा बप्पांना फोन आला. उद्या येताना मतदारांनी ओळखपत्र आणावं, एवढं गावाला कळवा. बप्पांनी चष्मा लावला आणि ग्रुपवर सूचना टाकली. वनमालाकाकू भाकरी थापत होत्या, त्यांनी फोनचा आवाज ऐकला.

"सुतकात हे चालतंय व्हय?"

"हे सरकारी हाय," बप्पा म्हणाले.

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली. मग त्यांनी सांगितलं की दुपारी छबुबाईच्या दारात बाया बसल्या होत्या आणि त्यांच्यात मंडपाचाच विषय होता. एक-दोघींचा विश्वास बसत नव्हता. पण वरच्या गल्लीतली एक म्हणाली, खोटं असतं तर बप्पांनी कवाच काढून टाकलं असतं, ते ठेवतात का खोटं? त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू एवढंच बोलल्या. चैत्रात ट्रॅक्टर कुणी थांबवला हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही, भाकरीकडंच पाहिलं.

खोटं मी पुसतो, म्हणून जे मी पुसत नाही ते खरं. बप्पांनी एवढी वर्षं घालून स्वतःच्या नावाचा शिक्का तयार केला होता आणि आता तो रामेश्वरच्या कागदावर उमटला होता. हे त्यांना त्या चुलीपुढं लख्ख कळलं. फोन हातातच होता. कुणी त्यांचा हात धरला नव्हता. कुणी धमकी दिली नव्हती. सुतकाचा नियम त्यांनी स्वतः केलेला आणि ओळखपत्रासाठी स्वतःच वाकवलेला. एक ओळ, तीही अर्धी लिहून पुसलेली. तरी तो माणूस जेवला, हात धुतला आणि फोन चार्जिंगला लावून झोपला. झोप लागली नाही म्हणतात. पण झोप न लागण्यानं कुणाचं काय भलं होतं?

रविवारी सकाळी नदीवर राख सावडली आणि तिथूनच माणसं मतदानाला गेली. पद्धतीप्रमाणे दुपारी ग्रुप उघडायला हवा होता. पण मतदानाच्या दिवशी प्रचार चालत नाही, आणि उघडला तर पंचशीला लिहिणार. म्हणून बप्पांनी तोही दिवस नियमात बसवला आणि कुलूप तसंच ठेवलं. भीमनगरातल्या बाया रांगेत उभ्या होत्या. वरच्या गल्लीतल्या ज्या बाया आठवड्यापूर्वी पंचशीलाला ओट्यावर बसवून पाणी देत होत्या, त्या तिच्याशेजारून मान खाली घालून गेल्या. पंचशीला केंद्राबाहेर ठरलेल्या अंतरावर उभी होती. कुणीही तिला वावगा शब्द बोललं नाही. सगळ्या तालुक्यात लिंबारीइतकं शांत मतदान झालं नाही, असं साहेबांनी बप्पांना फोन करून सांगितलं.

निकाल गेवराईला लागला. पंचशीला थोडक्यात पडली. एक गल्ली इकडची तिकडं झाली नसती तर ती आली असती, आणि ती गल्ली कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुलाल उधळत ट्रॅक्टर गावात आला. सत्यशीला हारांच्या ओझ्यानं वाकून मागं बसली होती, पुढं बोनेटवर रामेश्वर.

दुसऱ्या दिवशी बप्पा त्याच्या दुकानात गेले. ट्रॅक्टरवाल्याला विचारायचं तरी होतंस, ते म्हणाले. रामेश्वर खुर्ची पुसून त्यांना बसवू लागला.

"बप्पा, मी प्रश्न इचारला, आरोप कुठं केला?" तो हसत म्हणाला. "आन तुमी होताव की ग्रुपवर. खोटं आस्तं तर तुमी ठिवलं आस्तं का?"

बप्पा तसेच परत फिरले. घरी येऊन त्यांनी ग्रुपचं कुलूप काढलं आणि जे शुक्रवारी अर्धं राहिलं होतं ते पूर्ण लिहिलं. चैत्रात सभामंडपाचं काम मी थांबवलं. अंगणवाडीच्या दारात दगड टाकले होते म्हणून थांबवलं. पंचशीलाचा त्यात काही दोष नाही. मला हे शुक्रवारीच माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. खाली पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं. आता गाव तोंडावर थुंकेल, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर थुंकावं असंही वाटलं.

वरातीमागून घोडं म्हणतात, पण घोड्याला निदान लोक हसतात. इथं कुणी हसलंही नाही. आधी एक अंगठा आला, मग अंगठ्यांची रांग लागली. रामेश्वरनं लिहिलं, "पराभूत बहिणीची लाज राखण्यासाठी सगळा दोष स्वतःवर घेणारे बप्पा म्हणजे आपल्या गावचं भूषण." त्याखाली जोडलेले हात, फुलं, टाळ्या. कुणी लिहिलं, अशी माणसं आता राहिली नाहीत. कुणी शांतता समितीतला जुना फोटो काढून टाकला. बप्पांनी पुन्हा लिहिलं की अहो, मी खरंच सांगतोय. त्यावर एकानं लिहिलं की बप्पा, आम्हाला कळतं हो, तुमचं मन मोठं आहे. ते जितकं खरं सांगत गेले तितकं लोकांना ते खोटं आणि थोर वाटत गेलं. रामकिसन घरी येऊन त्यांच्या पाया पडून गेला.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. आठ-दहा दिवसांनी वनमालाकाकूंनी सांगितलं की भामाबाईला या वर्षी वरच्या गल्लीतलं कुणीच वेचायला बोलवत नाही. पंचशीलाची सासू ती. साऱ्या गावात तिच्याइतका हात कुणाचा चालायचा नाही. कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, म्हणे. बाया पुरल्या म्हणून सांगतात, चहाला बसवतात आणि परत पाठवतात. बप्पांनी ताट पुढं सरकवलं. ते उठले, चप्पल घातली आणि भीमनगरात गेले.

विहाराच्या ओट्यावर पंचशीला पोरांच्या वह्या तपासत होती. पोरं आत पाढे म्हणत होती. तिनं बप्पांना पाहून सतरंजीचं टोक सरळ केलं. बप्पा बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण तोंड उघडल्यावर एवढंच निघालं, "मी लिहिलं गं. पर लोकं मानंनात."

"वाचलं मी," ती म्हणाली.

"मी आणखी लिहितो. रोज लिहितो. ट्रॅक्टरवाल्याला हुडकून आणतो, त्याच्या तोंडून सांगायला लावतो."

पंचशीलानं हातातली वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग तिचा शनिवारीच संपला असावा. बप्पांनी इतकी वर्षं गाडीत आणि फोनवर माणसांच्या रागाशी सामना केला होता, पण संपलेल्या रागापुढं कसं बसायचं हे त्यांना येत नव्हतं.

"बप्पा, ह्या निवडणुकीत मला कुणी शिवी दिली न्हाई," ती म्हणाली. "एकानं बी न्हाई. दिली आस्ती तर तुमी त्याला काढलं आस्तं, म्हायती हाय मला. शिवीला मी उत्तर बी दिलं आस्तं." ती थोडी थांबली. "परवा आत्याबाई कामाच्या चौकशीला गेल्या तवा बाया त्यांना काय म्हनल्या? तुमच्या सुनंनं देवाचं काम आडवलं, तरी बप्पांनी सोत्ताच्या अंगावर घितलं, किती देवमानूस. तुमी जेवढ्या बारीला लिहिताव तेवढ्या बारीला तुमी मोठे व्हताव, आन मी तेवढी खोटी."

बप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. "मंग मी काय करू, सांग," ते म्हणाले. "तू सांगशील ते करतो."

"काई नका करू," पंचशीला म्हणाली. "आता लिहू नका, बप्पा. आता लिहिलं की मलाच लागतं."

बप्पांनी मान हलवली. गप्प बसा, असं त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. ते काम आजवर त्यांनी आपलं आपणच केलं होतं.